लशीचे वाहन

शंकराच्या देवळात शिरताना आपण आधी नंदीच्या पाठीवर हात ठेवतो आणि मग गाभाऱ्याकडे वळतो. गणपतीच्या देवळात पोरे उंदराच्या कानाशी तोंड नेऊन आपले मागणे सांगतात. देव कितीही समर्थ असला तरी भक्ताच्या दारापर्यंत यायला त्याला काहीतरी वाहन लागते, हा व्यवहार आपल्या पूर्वजांनी ओळखला होता. देवीच्या रोगाची अधिष्ठात्री जी शीतलामाता, तिला तर त्यांनी गाढव दिले. आणि गाढवावर बसून का होईना, ती घराघरांत पोचत असे, हे दुर्दैवाने खरे होते.

इतिहासाच्या पुस्तकांत मात्र वाहनाला फारशी जागा मिळत नाही. जेन्नरने देवीची लस शोधली, एवढे एक वाक्य मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. पण लस सापडणे ही एक गोष्ट, आणि ती न नासता, योग्य वेळी, माणसाच्या अंगात योग्य जागी पोचणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास सव्वादोनशे वर्षांचा आहे. त्यात अनाथ मुले आहेत, घोडे आहेत, साबुदाणा आहे, तुरटी आहे, अंड्यातल्या बलकासारखा स्निग्ध पदार्थ आहे, आणि अलीकडे माणसाने मुद्दाम घडवलेली, डोळ्यांना न दिसणारी भांडीही आहेत. कर्करोगावर आज जे नवे उपाय होऊ लागले आहेत, त्यांचे यशापयशही पुष्कळसे या वाहनावरच ठरते. फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचण्याजोगी ही हकिकत आहे. कारण तिच्यातले निम्मे सामान आपल्या घरातलेच आहे.

*

‘लस’ हा शब्दच पाहा. फोडातून किंवा जखमेतून जे पाझरते त्याला आपण लस म्हणतो. औषधाला हे नाव पडले ते उगीच नव्हे. १४ मे १७९६ रोजी इंग्लंडातील बर्कली गावी एडवर्ड जेन्नरने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील, गाईपासून लागलेल्या फोडातली लस घेतली आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर ओरखडे काढून त्यांत भरली. पुढे त्याच मुलाला खऱ्या देवीची लस टोचून पाहिली, तेव्हा त्याला देवी आल्या नाहीत. दोन वर्षांनी जेन्नरचे पुस्तक निघाले आणि साऱ्या युरोपात त्याची चर्चा झाली.

आता ही लस परदेशी पाठवायची कशी? ती जिवंत होती. दोऱ्याला किंवा कापसाला लावून वाळवली, काचेच्या दोन पट्ट्यांत बंद केली, तर थंड हवेत काही दिवस टिके. उष्ण समुद्रावर ती मरून जाई. हिंदुस्थानात देवीने दरवर्षी असंख्य माणसे मरत होती आणि लंडनहून केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजांतली लस इथे पोचेपर्यंत निकामी होत होती. व्हिएन्नात झां द कारो नावाचा डॉक्टर होता. त्याने खुष्कीचा मार्ग धरला. व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, तिथून बगदाद, बगदादहून बसरा. मध्ये जिथे पोचेल तिथे मुलांना टोचायचे, त्यांच्या दंडावर फोड आला की ताजी लस काढायची आणि पुढे पाठवायची. बसऱ्याहून ती जहाजाने मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली. हिंदुस्थानातले हे पहिले यशस्वी देवीचे टोचणे. ॲनाच्या फोडातल्या लशीने मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचले, आणि मग तीच लस दंडादंडाने पुण्याला, सुरतेला, हैदराबादेला, मद्रासेला व सिंहलद्वीपाला गेली.

म्हणजे या देशात लशीचे पहिले वाहन एका पोरीचा दंड हे होते. ती मुलगी शांत स्वभावाची होती, टोचताना तिने फारसा त्रास दिला नाही, एवढी नोंद तिच्याविषयी राहिली आहे. पुढे तिचे काय झाले, याची चौकशी कोणी केली नाही.

दुसरे उदाहरण याहूनही मन हलवणारे आहे. स्पेनच्या राजाला आपल्या अमेरिकेतील वसाहतींत लस पोचवायची होती. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी ला कोरुन्या बंदरातून ‘मारिया पिता’ हे जहाज निघाले. त्यावर डॉक्टर बाल्मिस होता आणि बावीस लहान मुले होती. ही मुले म्हणजेच लशीची बरणी. दर नऊ-दहा दिवसांनी दोन मुलांना टोचायचे, त्यांचे फोड भरले की पुढच्या दोघांना. दोघे अशासाठी, की एकाचा फोड खाजवून फुटला तर साखळी तुटू नये. मुले अनाथालयातली होती, कारण आईबाप असलेली मुले कोण देणार? त्यांना सांभाळायला इसाबेल सेंदाल नावाची एक बाई होती. आजारी मुलांचे कपडे बदलणे, खाजवणारे हात धरून ठेवणे, समुद्र लागलेल्यांची डोकी मांडीवर घेणे, हे सगळे तिच्याकडे. पुढे १८०५ साली मेक्सिकोतली आणखी सव्वीस मुले घेऊन हेच लोक आकापुल्कोहून मनिलाला गेले. लाखो जीव या प्रवासाने वाचले, यात शंका नाही. पण वाहन म्हणून कोणाला जुंपले होते, हे विसरून त्या पराक्रमाचे कौतुक करणे मला जमत नाही.

दंडादंडाच्या या रीतीत उणिवाही होत्या. एका मुलाच्या लशीबरोबर त्याचा उपदंशासारखा रोगही दुसऱ्याच्या अंगात जाई. टोचलेल्या मुलाला आठव्या दिवशी पुन्हा घेऊन यावे लागे आणि त्याचा फोड दुसऱ्यासाठी फोडला जाई. आईबापांना ते आवडत नसे. आपल्याकडे तर वरच्या म्हणवणाऱ्या जातींतले लोक खालच्या मानलेल्या जातीच्या मुलाच्या दंडातली लस आपल्या मुलाला द्यायला कां-कूं करीत. रोग जात पाहत नव्हता. लशीच्या वाहनाची जात मात्र लोक पाहत होते. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवू लागले आणि मुलांचे दंड मोकळे झाले. १९५०च्या सुमारास लंडनच्या लिस्टर संस्थेत लेस्ली कॉलियर याने गोठवून वाळवलेली लस मोठ्या प्रमाणावर करण्याची रीत बसवली. ही भुकटी उन्हाळ्यातही महिनोन्‌महिने टिकत असे. तिच्यामुळेच लस बर्फाविना वाळवंटात आणि जंगलात जाऊ शकली. भारतातला शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. लस जेन्नरचीच वंशज होती. बदलले होते ते वाहन.

*

इथवर प्रश्न होता गावापासून गावापर्यंत पोचण्याचा. पण लस दंडात शिरल्यावर आणखी एक प्रवास सुरू होतो. २०१८च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस टोचली गेली. आमच्याही शाळेत रांगा लागल्या. त्या वेळी एका मुलीने मला विचारले, “सर, सुई तर दंडाला टोचली, मग साऱ्या अंगाला कसे कळणार, की गोवर आला तर लढायचे?” मुलांचे प्रश्न असेच साधे असतात आणि उत्तरे शोधायला शास्त्रज्ञांची हयात जाते.

या प्रश्नाच्या उत्तराची पहिली खूण एका घोड्याच्या तबेल्यात सापडली. १९२०च्या दशकात पॅरिसजवळ गार्श येथे पाश्चर संस्थेचे घोडे होते. घटसर्पाचे विष थोडे थोडे टोचून त्यांच्या रक्तात उतारा तयार करीत आणि तो उतारा आजारी मुलांना देत. गास्तों रामों नावाचा पशुवैद्य तिथे काम करी. त्याच्या लक्षात आले, की टोचलेल्या जागी ज्या घोड्यांना गळू होते, त्यांच्या रक्तात उतारा अधिक निघतो. गळू म्हणजे खरे तर चुकलेले काम. दुसऱ्या कोणी सुई नीट उकळा म्हणून नोकराला दटावले असते. रामोंने उलटे केले. त्याने मुद्दामच त्या जागी सूज यावी म्हणून लशीत काय काय मिसळून पाहिले: पावाचा चुरा, अगर-अगर, आणि टॅपिओका. टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचे पीठ. एकादशीला आपण जे खातो त्याने घोड्याच्या रक्तात घटसर्पाचा उतारा वाढला.

१९२६ साली इंग्लंडात अलेक्झांडर ग्लेनी आणि त्याच्या सोबत्यांनी याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले. घटसर्पाचे निर्विष केलेले विष त्यांना शुद्ध करायचे होते, म्हणून त्यांनी त्यात तुरटी घातली. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ जसा खाली बसतो, तसाच इथेही साका बसला. हा साका गिनीपिगांना टोचला, तेव्हा प्रतिकार नुसत्या लशीपेक्षा पुष्कळच जोराचा आला. दाढी झाल्यावर न्हावी जी तुरटी गालावरून फिरवतो, तिचीच भावंडे असलेली ॲल्युमिनियमची क्षारे आजही आपल्या बालकांच्या घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लशीत असतात. शंभर वर्षे होत आली, तरी हे वाहन निवृत्त झालेले नाही.

ग्लेनीचा तर्क असा होता, की तुरटीला चिकटलेली लस एकदम वाहून जात नाही. कोठारातून धान्य काढावे तशी हळूहळू बाहेर पडते. तर्क सुटसुटीत होता, पण पुरता खरा नव्हता. टोचल्यावर लवकरच ती जागा कापून काढली तरी प्रतिकार येतोच, असे पुढच्या प्रयोगांत दिसले. मग तुरटी करते तरी काय? कित्येक दशके याचे उत्तर कोणाला नीट देता येईना. १९८९ साली चार्ल्स जेनवे या अमेरिकन शास्त्रज्ञाने भर सभेत कबूल केले, की लशीत ही असली काहीतरी भर घातल्याशिवाय आमचे भागत नाही आणि हे आमच्या धंद्यातले एक लाजिरवाणे गुपित आहे. त्याचे म्हणणे असे, की शरीर नुसता परका पदार्थ पाहून उठत नाही. धोक्याची खूण पटली तरच उठते. चोर दिसला तरी कुत्रा भुंकल्याशिवाय गाव जागे होत नाही, तसे. तेव्हा वाहनाने नुसता माल वाहून भागत नाही. त्याने दाराशी येऊन हाळीही द्यावी लागते.

ती हाळी ऐकणारा पहारेकरी न्यूयॉर्कमध्ये राल्फ स्टाइनमन याने १९७३ साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरलेली ही पेशी. कातडीखाली आणि जागोजागी ती गस्त घालीत असते. परक्याचा तुकडा आणि धोक्याची खूण एकदम मिळाली, की ती जवळच्या लसिका-ग्रंथीत, म्हणजे काखेत नाहीतर जांघेत ज्या अवधाणाच्या गाठी येतात त्यांत, जाते आणि तिथल्या सैनिकांना तो तुकडा दाखवून ओळख पटवते. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. दंडाची बातमी साऱ्या अंगाला सांगायला हा निरोप्या जातो. लशीचे वाहन चांगले म्हणजे काय? तर जे या निरोप्याच्या हाती माल देते ते.

*

आता कर्करोगाकडे वळतो. तिथे शत्रू बाहेरून आलेला नसतो. घरचाच मुलगा बिघडलेला असतो. म्हणून पहारेकरी फसतात.

१८९१च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये बेसी डॅशील नावाची सतरा-अठरा वर्षांची मुलगी हाडाच्या कर्करोगाने वारली. तिचा हात कापूनही तिचे डॉक्टर विल्यम कोली तिला वाचवू शकले नव्हते. हा मृत्यू त्यांच्या मनाला लागला. इस्पितळाची जुनी दप्तरे चाळताना त्यांना फ्रेड स्टाइन नावाच्या एका गरीब जर्मन मजुराची नोंद सापडली. त्याच्या मानेवरची गाठ काढूनही पुन्हा येत होती. पुढे त्या जखमेत विसर्प नावाचा जंतुदोष झाला, तापाने तो फणफणला, आणि ताप उतरला तेव्हा गाठही गेली. कोली वस्तीवस्तीत हिंडले आणि इतक्या वर्षांनी तो माणूस धडधाकट असलेला त्यांनी शोधून काढला. मग त्यांनी जंतू टोचून, पुढे मेलेल्या जंतूंचे विष टोचून, कर्करोग्यांत असा ताप मुद्दाम आणायला सुरुवात केली. काही रोगी आश्चर्यकारक रीतीने बरे झाले, काहींना काहीच गुण आला नाही, काही त्या तापानेच गेले. क्ष-किरणांचे युग आले आणि कोलींचा उपाय मागे पडला.

आज वळून पाहता कोलींची दिशा बरोबर होती असे दिसते. त्यांनी हाळी दिली होती. पण ती कुठे, किती आणि किती दिवस द्यायची, यावर त्यांचा ताबा नव्हता. साऱ्या गावात डांगोरा पिटला म्हणजे चोराबरोबर साधूही मार खातो. पुढे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांनी सैनिक पेशींवरचे लगाम शोधले आणि ते सैल करण्याची औषधे निघाली. त्यासाठी त्यांना २०१८चे नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधांनी कित्येकांना जीवदान दिले, पण लगाम साऱ्या शरीरात सैल होतात, म्हणून कधी कधी आपलेच सैनिक आपल्याच आतड्यावर किंवा फुप्फुसावर चालून जातात. कर्करोगाच्या या नव्या विद्येत औषधाइतकेच वाहनाला महत्त्व आले ते यामुळे.

ही विद्या माणसांना किती निकडीची असते, याचे उदाहरण खुद्द स्टाइनमन आहेत. २००७ साली त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. त्यांनी आपणच शोधलेल्या त्या फांद्यांच्या पेशी आपल्या गाठीचे तुकडे दाखवून तयार करवल्या आणि स्वतःच्या अंगात टोचून घेतल्या. साडेचार वर्षे ते जगले. ३० सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले आणि तीन दिवसांनी नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली. मृताला हे पारितोषिक देत नाहीत. पण निर्णय घेताना समितीला मृत्यूची वार्ता नव्हती, म्हणून ते कायम राहिले.

*

वाहन मुद्दाम घडवण्याची कल्पना मात्र वैद्याच्या नव्हे, कारखान्याच्या रसायनशास्त्रातून आली. १९७४ साली रॉबर्ट लँगर हा तरुण रसायन-अभियंता पेट्रोलच्या कंपन्यांतल्या नोकऱ्या नाकारून बॉस्टनच्या मुलांच्या इस्पितळात ज्युडा फोकमन या शल्यवैद्याकडे गेला. कर्करोगाच्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची वाढ रोखणारा पदार्थ फोकमनना हवा होता. तो तपासायचा तर ते मोठे, नाजूक रेणू जागच्या जागी हळूहळू सोडणारे काहीतरी हवे. एवढे मोठे रेणू प्लास्टिकमधून सावकाश बाहेर पडणे शक्यच नाही, असे जाणत्यांचे मत होते. लँगर यांनी शेकडो रीती करून पाहिल्या. अखेर एक साधली. विरघळवलेल्या बहुवारिकात म्हणजे पॉलिमरमध्ये औषधाची भुकटी मिसळायची, गोठवायची आणि वाळवायची. आत वाकड्यातिकड्या बोळांचे जाळे तयार होते. जुन्या वाड्यातून पाहुण्याला वाट सापडायला वेळ लागावा, तसे रेणू शंभराहून अधिक दिवस रेंगाळत बाहेर येत राहिले. १९७६ साली हे प्रसिद्ध झाले. तरीही संशोधनाला पैसा मागणारे त्यांचे पहिले नऊ अर्ज नामंजूर झाले.

१९७९ साली लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशाच गोळीत लशीचा पदार्थ भरून उंदरांच्या कातडीखाली बसवला; एकाच वेळच्या टोचण्यात दीर्घकाळ प्रतिकार टिकला. ही गोष्ट वरवर लहान वाटेल. पण विचार करा. आपल्याकडची एखादी ऊसतोड कामगार बाई पहिल्या डोसला बाळ घेऊन येते. दुसऱ्या डोसच्या वेळी तिची टोळी दोन तालुके पलीकडे गेलेली असते. आरोग्य केंद्रात जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. तिच्यासाठी दुसरा-तिसरा डोस पहिल्याच सुईत भरता आला, तर त्या बाळाचे आयुष्य बदलते.

विरघळणाऱ्या टाक्यांचा दोरा आपल्या ओळखीचा आहे. त्याच जातीच्या पॉलिमरचे बारीक मणी करून हे साधायचा खटाटोप जागतिक आरोग्य संघटनेने धनुर्वाताच्या लशीसाठी अनेक वर्षे करवला. अडचण अशी, की हा पॉलिमर विरघळताना आम्ल होतो. त्यातले एक तर दह्याताकातलेच. त्या आम्लाने आणि शरीराच्या उबेने आतली लस नासे. २०१७ साली लँगर आणि ॲना याक्लेनेक यांच्या प्रयोगशाळेने नवी युक्ती दाखवली: पॉलिमरच्या अतिसूक्ष्म वाट्या करायच्या, त्यांत लस भरायची, वर झाकण ठेवून उबेने कडा चिकटवायच्या. दिवाळीत करंजी भरून कडा दाबणाऱ्या कोणाही सुगरणीला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. पारी कशाची, यावर करंजी किती आठवड्यांनी फुटायची ते ठरते. उंदरांत हे जमले. माणसाच्या दंडापर्यंतची वाट लांब आहे.

लँगर यांच्याच हाताखाली शिकलेल्या डेव्हिड मूनी यांनी हार्वर्डमध्ये २००९ साली याहून धाडसी गोष्ट करून दाखवली. त्यांनी ॲस्पिरिनच्या गोळीएवढी, स्पंजासारखी सच्छिद्र पॉलिमरची चकती केली. तिच्यात तीन वस्तू भरल्या: फांद्यांच्या पेशींना बोलावणारा पदार्थ, कर्करोगाच्या गाठीचे तुकडे आणि धोक्याची हाळी. चकती उंदराच्या कातडीखाली ठेवली. पेशी आमंत्रण ऐकून आत आल्या, ओळख करून घेतली आणि ग्रंथीत निरोप घेऊन गेल्या. कातडीच्या कर्करोगाच्या गाठी असलेले कितीतरी उंदीर वाचले. २०१३ साली बॉस्टनच्या डॅना-फार्बर संस्थेत माणसांवर याची पहिली चाचणी सुरू झाली. स्टाइनमन यांच्या पेशी बाहेर काढून, काचेत शिकवून परत टोचाव्या लागल्या होत्या. इथे शाळाच अंगात बांधली. वाहन जागेवर उभे राहिले आणि प्रवासी चालत आले.

*

उरले ते तेलाचे थेंब. १९६०च्या सुमारास केंब्रिजजवळ बाब्राहम येथे ॲलेक बँगहॅम यांना दिसले, की अंड्याच्या बलकात असणारा लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ पाण्यात ढवळला तर त्याच्या आपोआप पोकळ फुग्या होतात, आणि त्यांची भिंत आपल्या पेशींच्या भिंतीसारखीच असते. १९७४ साली ॲलिसन (वर आलेले ते नव्हेत, दुसरे) आणि ग्रेगोरियाडिस यांनी दाखवले, की या फुग्यांतून लस दिली तर प्रतिकार वाढतो.

याच फुग्यांच्या वंशजांनी २०२०च्या साथीत आपली गाठ घेतली. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ साली आर-एन-ए नावाची चिठ्ठी शरीराला न बिथरवता देण्याची युक्ती शोधली. २०२३ साली त्यांना नोबेल मिळाले. पण उघडी चिठ्ठी रक्तात क्षणात फाटते. तिला पाकीट हवे होते. ते चार प्रकारच्या स्निग्ध द्रव्यांचे केले. त्यावर कॅनडात पीटर कलिस आणि त्यांच्या साथीदारांनी अनेक वर्षे खर्ची घातली होती. एका केसाच्या जाडीत असे हजारभर कण ओळीने बसतील. त्यातले एक द्रव्य मोठे चतुर आहे. रक्तात ते भाररहित असते, म्हणून कोणाला त्रास देत नाही. पेशीच्या आत आंबट कप्प्यात गेले की भारित होते आणि पाकीट फोडून चिठ्ठी बाहेर टाकते. डिसेंबर २०२०मध्ये ही लस इंग्लंडात प्रथम टोचली गेली, तेव्हा कारिको यांचे नाव घरोघरी झाले. पाकिटाची आठवण थोड्यांनी काढली.

त्या वेळी जुनेच संकट नव्या रूपाने आले. पाकीट नाजूक, म्हणून लस उणे सत्तर अंशांत ठेवावी लागे. तेवढी थंडी आपल्या तालुक्याच्या गावी कुठून आणायची? १८०२च्या आधी लंडनची लस मुंबईच्या वाटेवर मरत होती, तोच पेच. जून २०२२मध्ये पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या आर-एन-ए लशीला आपल्या देशात तातडीची परवानगी मिळाली. ती भुकटीच्या रूपात, साध्या शीतकपाटात राहते. कॉलियरची युक्ती सत्तर वर्षांनी पुन्हा कामी आली. आणखी एक वाहन पुण्याहूनच जगात जाते. चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून, आपल्या रिठ्यासारखा फेस देणारे द्रव्य काढून, त्याचे स्निग्ध पदार्थांशी मिळून पिंजऱ्यासारखे कण करतात. हे कण मिसळलेली ऑक्सफर्डची हिवतापाची लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. ऑक्टोबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि २०२४पासून ती आफ्रिकेतल्या बालकांना मिळू लागली.

तेच तेलाचे पाकीट कर्करोगाच्या दारीही उभे आहे. रोग्याच्या गाठीतले खास दोष वाचायचे, त्याच्यापुरतीच चिठ्ठी लिहायची आणि पाकिटात घालून टोचायची. कातडीच्या कर्करोगाची गाठ काढलेल्या १५७ रुग्णांवर ही चाचणी झाली. लगाम सैल करणाऱ्या नुसत्या औषधापेक्षा त्या औषधासोबत ही लस दिल्यावर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२२च्या डिसेंबरात जाहीर झाले. पुढच्या वर्षी मोठी चाचणी सुरू झाली. बेसी डॅशीलनंतर एकशे तीस वर्षांनी कोलींची हाळी नेमक्या दारावर जाऊ लागली आहे.

पण प्रत्येक रुग्णासाठी वेगळी लिहिलेली चिठ्ठी महाग पडणार, हेही उघड आहे. शोध प्रयोगशाळेत लागतो. तो कोणाचा होणार, हे वाहन ठरवते. उणे सत्तरची लस शहराची होते, भुकटीची लस गावाची होते. तीन खेपांची लस घरी थांबू शकणाऱ्याची होते, एका खेपेची लस ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या बाळाचीही होते. म्हणून नवीन औषधाची बातमी वाचली, की कोणी शोधले याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा असे मला वाटते: हे येणार कशावर बसून, आणि कुठपर्यंत? १८०२च्या जून महिन्यात या प्रश्नाचे उत्तर मुंबईतल्या एका तीन वर्षांच्या मुलीने आपला दंड पुढे करून दिले होते. आता ते उत्तर मुलांकडून घ्यावे लागत नाही. साबुदाणा, तुरटी, रिठ्याचा फेस आणि तेलाचे थेंब यांनी तिच्या दंडावरचे ओझे उचलले, ही गोष्ट मला साऱ्या हकिकतीत सर्वांत आनंदाची वाटते.